जवसाचं तेल, चार हात

फडकं तपकिरी निघालं, आणि ते तसं निघायचं काहीएक कारण नव्हतं. शनिवारची सकाळ होती, खोलीत भरपूर उजेड होता, जेवणाच्या टेबलावरचा सगळा पसारा खुर्च्यांवर हलवलेला होता, आणि तो बाह्या सरसावून स्पिरिटमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने टेबल पुसत होता. टेबल ओकचं. चौदा वर्षांपूर्वी, मागच्या व्हरांड्यात, साठवून ठेवलेल्या सव्वीस दिवसांच्या रजेत त्याने स्वतःच्या हाताने केलेलं. त्यावर जवसाच्या तेलाचे चार हात होते, आणि दुसरं काहीही नव्हतं. मुरलेलं तेल स्पिरिटला दाद देत नाही. स्पिरिटने नुसता मळ निघतो. तीन बाजूंना मळच निघाला. चौथ्या बाजूला, खिडकीकडच्या कोपऱ्यापासून वीतभर आत, फडकं आधी अडखळलं आणि मग चिकटलं. उचलून बघतो तर त्यावर मधासारखा डाग, आणि टेबलावर तळहाताएवढी जागा ओली, चिकट, लाज वाटल्यासारखी उघडी पडलेली. स्पिरिटमध्ये अशी विरघळते ती लाख. लाखेचं पॉलिश त्याने आयुष्यात कधी वापरलं नव्हतं. लाखेला तो लाकडाचा मेकअप म्हणायचा, आणि मेकअप करणाऱ्यांबद्दल त्याचं जे मत होतं ते त्याने लग्नातसुद्धा बोलून दाखवलं होतं. म्हणजे हे दुसऱ्या कुणीतरी केलं होतं. त्याच्या घरात, त्याच्या टेबलावर, आणि त्याच्या नकळत.

त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे काहीच केलं नाही. जागेला हात लावायचा नाही, आधी फोटो काढायचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. ही ऑफिसची सवय. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात त्याची सत्तावीस वर्षं गेली होती, आणि ऑफिसात त्याला सगळे, अगदी तोंडावरसुद्धा, भिंग म्हणत. जळालेली गोदामं, बुडालेला माल, जिन्यावरून पडलेली माणसं. प्रत्येक दुर्दैवाकडे तो जरा बाजूने बघायचा, कारण समोरून बघितलं की दुर्दैव खरं वाटतं. संशय घ्यायचा त्याला पगार मिळत होता, आणि तो थोडं काम घरीही आणायचा. त्याने मोजपट्टी ठेवून तीन फोटो काढले. मग एका खुर्चीवरची वर्तमानपत्रं खाली ठेवून तो बसला, आणि आपल्याच टेबलाकडे परक्या माणसाच्या टेबलाकडे बघावं तसं बघत राहिला.

खरं तर तो आज फक्त रंग जुळवायला बसला होता. लेक दुसऱ्या गावी राहायची, तिने नुकतंच स्वतःचं घर घेतलं होतं, आणि गेल्या आठवड्यात तिने फोनवर टेबल मागितलं होतं. बरोबर त्याच रंगाचा एक बाकही. बाक तयार होता, पण नवा ओक पिठासारखा पांढुरका असतो आणि जुना वर्षावर्षाने काळवंडत जातो. त्यामुळे वहीतली जुनी कृती जशीच्या तशी वापरून भागणार नव्हतं. वही म्हणजे जाड पुठ्ठ्याची, तिच्यात घरातल्या प्रत्येक वस्तूचं एक पान. टेबल: जवसाचं तेल, चार हात, दोन हातांत तीन दिवस, हवा दमट. पुस्तकांचं कपाट: तेलात टर्पेंटाइन, पाच हात. पलंग: आधी चहाचं पाणी, मग तेल. प्रत्येक पानाला क्रमांक, आणि त्याच क्रमांकाची, तेच हात दिलेली बोटभर लाकडी पट्टी एका दोरीत ओवलेली. घरी पाहुणे आले की इतर लोक लग्नाचे फोटो काढतात. तो वही काढायचा. पाहुणे पट्ट्यांवरून बोट फिरवून "वा" म्हणायचे आणि घड्याळाकडे बघायचे. पट्ट्या पेटीत बंद असल्यामुळे त्यांचं वय वाढत नव्हतं. टेबलाचं वाढत होतं. तेव्हा टेबल स्वच्छ पुसायचं, आजची खरी छटा बघायची आणि तिच्याशी बाक जुळवायचा, असा साधा बेत होता.

लेकीचा तो फोन त्याला आता वेगळाच ऐकू यायला लागला. "घेऊन जा की," तो म्हणाला होता, "चौदा वर्षांत एक ओरखडा नाही त्याच्यावर." त्यावर ती हळूच म्हणाली होती, "हो ना, बाबा." त्या वेळी त्याला वाटलं, पोरीचा गळा भरून आला. आता वाटलं, दाव्याच्या कागदावर सही करताना माणसं जसं "हो ना, साहेब" म्हणतात, तसंच अगदी ते "हो ना" होतं. म्हणजे पोरीला माहीत होतं. पोरीला माहीत होतं म्हणजे तिच्या आईलाही माहीत असणार. त्या दोघींमध्ये कुठलीही गोष्ट एकटी राहत नसे.

मग त्याला तो माणूस दिसायला लागला. आधी नुसते हात दिसले. लांबट, स्वच्छ, नखं कापलेली. लाखेचं काम घाईचं नव्हे. एक पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचा, पुन्हा द्यायचा. मधल्या वेळात काय करणार? चहा घेणार. कोण देणार चहा? त्याने हिशेब मांडला: मोठ्या गोदामाला आग लागली तेव्हा तो दहा दिवस बाहेरगावी होता, नंतर धरणाच्या कामावरच्या अपघाताला सहा दिवस. एवढ्यात टेबल काय, अख्खं घर बदलून होतं. तो माणूस ह्याच खुर्चीत बसला असेल, गुणगुणत. हातात कला असलेली माणसं गुणगुणतात आणि बायका ते ऐकत बसतात, असा त्याचा अनुभव नव्हता पण समज होता. बायको म्हणाली असेल, यांना कळता कामा नये हं. तो म्हणाला असेल, काही काळजी करू नका. आणि वर हसला असेल. ह्या हसण्यापाशी येऊन त्याने स्पिरिटच्या बाटलीचं बूच इतकं घट्ट लावलं की नंतर ते पकडीने काढावं लागलं.

भिंग आणलं. टोपणनाव नव्हे, खरं. ओल्या जागेच्या कडेला अजून न विरघळलेला भाग होता, त्याच्यावर धरलं, आणि कौतुक करायचं नाही असं ठरवूनही तो आणखी खाली वाकला. लाकडाच्या रेषा लाकडाच्या नव्हत्या. त्या काढलेल्या होत्या. एका केसाच्या कुंचल्याने, एकेक करून, आणि इकडची खरी रेषा जिथे संपते तिथून तिकडची खोटी रेषा अशी उचलली होती की तिला आपण खोट्या आहोत हे तिचं तिलाच कळू नये. ओकमध्ये आडवे चमकदार पट्टे असतात, तेसुद्धा होते, एक जरा तुटलेला. आणि मधोमध असायचा तो गाठीचा, मोहरीएवढा काळपट डोळा. त्या डोळ्यावर त्याचं प्रेम होतं. कारखान्यातल्या नकली लाकडात असा दोष सापडायचा नाही, असं म्हणून तो कित्येक वर्षं पाहुण्यांचं बोट धरून त्या डोळ्यावर टेकवत आला होता. त्याने फडकं उलगडलं. डोळा फडक्याला लागून आला होता.

आता हे वाक्य त्याला कुठून आठवलं ते सांगता येणार नाही, पण आठवलं, आणि बायकोच्या आवाजात आठवलं: "दात खरा दिसायला हवा असेल तर त्याच्यात थोडा दोष घालावा लागतो." लग्नाला चारेक महिने झाले असतील. ती नुकती एका दातांच्या लॅबमध्ये लागली होती. तिथे कवळ्या आणि खोटे दात बनायचे. ती संध्याकाळी येऊन सांगायची, की माणसाचा दात पांढरा नसतोच; त्यात पिवळा असतो, करडा असतो, टोकाशी थोडा निळा असतो, आणि म्हाताऱ्याच्या दाताला तरुण रंग दिला तर सगळं तोंड खोटं बोलायला लागतं. तडासुद्धा रंगवावा लागतो, केसाच्या कुंचल्याने. तो ऐकत होता, म्हणजे समोर बसला होता. गेली सव्वीस वर्षं ती रोज सकाळी उठून त्या लॅबमध्ये जात होती आणि दिवसभर उत्तरेच्या खिडकीशी बसून एका वस्तूचा रंग दुसरीशी जुळवत होती; आणि तो गेली चौदा वर्षं तिला जेवताना समजावत होता, की रंग जुळवणं ही काय चीज असते. ती म्हणायची, "हो का?" त्या "हो का"ची छटा त्याने कधी नोंदवली नव्हती.

गुणगुणणारा माणूस नाहीसा झाला. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं क्षणभर वाटलंही. पण लगेच त्या माणसाची उणीव भासायला लागली. परक्या माणसाला निदान घराबाहेर काढता आलं असतं.

तो फडकं आणि बाटली घेऊन उठला. घरात आठ ओकच्या वस्तू होत्या. एकेका वस्तूवर बोट बोट पुढे सरकत, फडकं टेकवायचं, थांबायचं, उचलायचं. पुस्तकांच्या कपाटाच्या डाव्या कुशीत एक जागा मिळाली. लिहायच्या टेबलाच्या खणावर एक. पलंगाच्या उशाकडच्या फळीवर दोन, त्यातली एक इतकी सुरेख की त्याने फडकं टेकवताना मनातल्या मनात माफी मागितली. चपलांच्या कपाटाचा कोपरा तर अख्खाच नवा बसवलेला होता. कसल्याशा कडक लेपाचा, बहुधा दातांच्याच. आरशाच्या चौकटीला एक. टेबल धरून सात. ऑफिसच्या बॅगेत पुराव्यावर लावायच्या नंबरांच्या पिवळ्या चिठ्ठ्या होत्या, त्या त्याने एकेका जागी चिकटवल्या आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. अपघात झालेल्या घरांत तो असाच उभा राहत असे. तिथे त्याला नेहमी लगेच कळायचं, की काय मोडलं आहे. इथे काहीच मोडलेलं नव्हतं. सगळं दुरुस्त होतं, आणि हेच कसं मांडायचं ते त्याला कळेना.

एकदा, फक्त एकदाच, काहीतरी घडल्याचं ह्या घरात त्याला कळलं होतं. टेबल होऊन महिना झाला असेल. लेक तेव्हा अकरा वर्षांची. कुणीतरी ओला पेला टेबलावर ठेवला आणि गोल डाग उमटला. त्याने आरडाओरडा केला नाही. आपण आरडाओरडा करत नाही ह्याचा त्याला अभिमान होता. त्याने चौकशी केली. दोघींना वेगवेगळं बसवून विचारलं: शेवटचं पाणी कोण प्यालं, किती वाजता, पेला कुठला. दोघींच्या सांगण्यात पंधरा मिनिटांचा फरक पडला तेव्हा पुन्हा बसवलं. तीन दिवस हे चाललं. शेवटी पोरीने वहीच्या पानावर आपला जबाब लिहून दिला, खाली सही केली, तारीख घातली. शुद्धलेखनाच्या दोन चुका त्याने दुरुस्त करून दिल्या. मग त्याने डाग घासून काढला आणि सगळ्यांना आईस्क्रीम खायला नेलं. पोरीने खाल्लं नाही, घसा दुखतो म्हणाली. त्याने घशाची गोळी दिली. ती गोष्ट तो ऑफिसात फार रंगवून सांगायचा. त्यानंतर घरात कधीही काही सांडलं नाही, पडलं नाही, फुटलं नाही. शिस्तीचा परिणाम, असं तो म्हणे. चौदा वर्षं. सत्तावीस वर्षं दावे तपासणाऱ्या माणसाच्या मनात एकदाही आलं नाही, की जिथे माणसं राहतात तिथे चौदा वर्षांत एक पेला कसा कलंडत नाही.

दीड वाजता कुलूप वाजलं. बायको शनिवारी अर्धा दिवस असायची. ती आत आली, पर्स हातातच, आणि पिवळ्या चिठ्ठ्यांवरून तिची नजर एकदा फिरली.

"हे काय? घराचा लिलाव काढलाय की काय?"

"बस."

"कुठे बसू? खुर्च्यांवर तुमचं दुकान मांडलंय." तिने एका खुर्चीवरचं बरण्यांचं तबक उचलून खाली ठेवलं आणि बसली. पायातल्या चपला तशाच होत्या.

"हे कुणी केलं?"

"मी," ती म्हणाली. किती वाजले ते सांगावं इतक्या सहज.

"सातही?"

तिने पुन्हा एकदा खोलीभर नजर फिरवली, ह्या वेळी मोजत. "सातच सापडले?"

त्याने वही ओढली. हातात पेन आलं की त्याला जरा धीर यायचा. "टेबलापासून सांग. काय झालं होतं?"

"तवा. ओला होता, टेकवला. तुम्ही त्या गोदामाला गेला होतात. ओकला ओलं लोखंड लागलं की काळं पडतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेलं. लिंबाने निम्मं गेलं."

"आणि उरलेलं?"

"उरलेल्यावर लाख, आणि तिच्यात रंग. दाढेच्या मुळाशी वापरतो तो."

"माझ्या टेबलावर दाढेचा रंग आहे?"

"पलंगावर सुळ्याचा आहे. तो जरा उबदार असतो."

त्याने 'दाढ' असं लिहिलं, आणि लिहिलेल्याकडे बघत राहिला. "अगं पण मला सांगायचं. मी नीट केलं असतं."

"केलं असतं ना. आधी आम्हाला नीट केलं असतं, मग टेबलाला." ती हसली, पण टोचून नाही, टोचण्याचं वय त्या गोष्टीचं उलटून गेलं होतं. "पोर महिनाभर पाणी प्यायला मोरीशी जायची, अहो. मग म्हटलं, जाऊ दे. मला येतं ते मी करते. तुमचं कौतुक राहील, आमचा जीव राहील."

"आणि तो डोळा? मधला?"

"तो उगाच. नुसत्या रेषा फार खोट्या दिसायला लागल्या म्हणून." ती थांबली. "तुम्हाला एवढा आवडेल असं वाटलं नव्हतं. पाहुण्यांना दाखवायचात तेव्हा मला स्वयंपाकघरात जावं लागायचं."

त्याला राग यायला हवा होता. तो राग शोधत होता आणि त्याऐवजी सापडत होती एक थंड, कामाच्या वेळची सावधता. दावेदार फार मोकळेपणाने बोलायला लागला की पाठीच्या कण्यातून जायची ती. इतकी चांगली जुळवाजुळव करणारं माणूस फक्त लाकडावर कशाला थांबेल? लेकीचं कॉलेजातलं ते एक वर्ष, ज्यात सगळं ठीक होतं. सासूबाईंचं आजारपण, तेही ठीक होतं. फोनवर, जेवताना, सहलीत, सगळीकडे सारखा रंग, एकही सांधा नाही. त्याच्या घराचा कुठला भाग खरा आणि कुठला केसाच्या कुंचल्याने पुरा केलेला, हे सांगणारं स्पिरिट त्याच्याकडे नव्हतं. विचारण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता, आणि विचारण्याचा एकच सूर त्याला येत होता.

"फर्निचर सोडून," तो म्हणाला, "आणखी काय?"

तिने चपला काढल्या. त्या एकीशेजारी एक ठेवल्या. "आधी ती वही मिटा."

त्याने वही मिटली. पेनचं टोपण मात्र लावायचं राहिलं.

"दोन वर्षांपूर्वी मी तीन आठवडे पोरीकडे गेले होते. तिची परीक्षा म्हणून."

"हो."

"परीक्षा नव्हती कसली. मला छातीत गाठ लागली होती. तिथे काढून घेतली. साधी निघाली." तिने हाताने हवेतच काहीतरी पुसल्यासारखं केलं. "झालं."

"रिपोर्ट?" त्याचं तोंड आपोआप म्हणालं.

"आहे. पोरीकडे."

"आणि क्लेम? आपली पॉलिसी आहे..."

"नाही केला. तुमच्याच टेबलावर आला असता."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. स्कूटर पाच वेळा नाही म्हणाली आणि सहाव्यांदा लागली. ते तीन आठवडे त्याला चांगले आठवत होते. पुस्तकांचं कपाट त्याने तेव्हाच केलं. रोज संध्याकाळी तो तिला फोन करायचा आणि आज कितवा हात दिला ते सांगायचा. ती विचारायची, सुकलं का? तो म्हणायचा, घाई करून चालत नाही, वाट बघावी लागते. ती म्हणायची, हो, वाट तर बघावी लागते. कपाटाच्या पानावर शेवटी शेरा होता, त्याला पान उघडायचीही गरज नव्हती: हवा कोरडी, घरात कुणी नाही, धूळ नाही, आतापर्यंतचं सर्वांत उत्तम फिनिश.

त्याला खूप काही म्हणायचं होतं. पण सत्तावीस वर्षं ज्या वाटेने शब्द यायचे त्याच वाटेने ते आले.

"कुठल्या बाजूला?"

बायकोने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, लॅबमध्ये एखादा दात खिडकीशी धरून बघावा तशी, डोळे किंचित बारीक करून.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली.

दोन वर्षं. एकाच पलंगावर, एकाच कपाटात कपडे, एकाच आरशात दोघं. त्याने आठवायचा प्रयत्न केला. तिचा हात वर जातो तेव्हा, ती कुशीवर वळते तेव्हा, भिजलेले केस पुसते तेव्हा. जे आठवत होतं ते सगळं सारख्या रंगाचं होतं.

"डावीकडे," तो म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्याने वाट बघितली, अगदी जवळून, कधी कुठल्या माणसाकडे बघितलं नव्हतं इतकं जवळून.

"उजवीकडे," तो म्हणाला.